पेंडंटची वायर सुटल्यावर

तुमच्या शेडमधल्या दोन्ही क्रेनना रिमोट बसणार हे ऐकून मला बरं वाटलं. पेंडंट, म्हणजे क्रेनला वायरने लटकणारा बटणांचा खोका, धरून जॉबच्या मागेमागे चालणाऱ्या माणसाचं लक्ष वर असतं आणि पाय प्लेटच्या ढिगात अडकतात. वायर स्लिंगमध्ये गुंतते, जॉब झुलला की पळायला जागा राहत नाही. रिमोटने माणूस लांब, मोकळ्या जागेत उभा राहू शकतो. पण पोरा, एक गोष्ट आधी ध्यानात घे. ती वायर तुला क्रेनला बांधून ठेवत होती. आपली क्रेन कुठली, ती कुठं आहे, आपण तिच्यापासून किती अंतरावर आहोत, हे सगळं वायरच सांगायची. ती गेली की ही तिन्ही उत्तरं तुझी तुला तयार ठेवावी लागतात. आज मी जे सांगणार आहे ते त्यासाठीच.

रिमोटचा खोका उघडण्याआधी क्रेन पेंडंटवर चालवून बघ. होइस्टचा ब्रेक घसरतोय का, वरची लिमिट वेळेवर तोडते का, एलटीचा, म्हणजे क्रेनच्या लांब चालीचा, कॉन्टॅक्टर सुटताना अडकतोय का. रिमोट फक्त बटणाची जागा घेतो. क्रेनचं दुखणं तसंच राहतं, उलट चालवणारा लांब गेल्यामुळे ब्रेकचा आवाज आणि पॅनेलची कुरकुर त्याच्या कानावर यायची बंद होते. म्हणून दुरुस्ती आधी.

मग मीटर लाव. आपल्याकडच्या बऱ्याच क्रेनचं कंट्रोल व्होल्टेज 110 व्होल्ट एसी असतं, पण ड्रॉइंगवर विसंबू नकोस. मागच्या कुणीतरी ट्रान्सफॉर्मर बदललेला असतो आणि कागदावर त्याची नोंद नसते. प्रत्यक्ष मोजलेलं व्होल्टेज आणि रिसीव्हरच्या पट्टीवरचं व्होल्टेज जुळलं तरच पुढे जा.

जोडणीत दोन जागी मला तुझ्याकडून हट्ट हवा आहे. पहिली जागा लिमिटची. रिसीव्हरच्या रिलेची वायर पेंडंटचं बटण जिथं येतं तिथंच यायला हवी, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या कॉइलपर्यंत जाताना वाटेत लिमिट स्विच लागतोच. घाईत कुणी थेट कॉइलवर जोडून देतो, क्रेन झकास चालते, सगळे खूश होतात, आणि हुक ब्लॉक ड्रमला जाऊन धडकतो तेव्हा कळतं की लिमिट सर्किटमध्ये नव्हतीच. दुसरी जागा लाल बटणाची. रिमोटचं इमर्जन्सी दाबलं की मेन कॉन्टॅक्टर पडला पाहिजे. नुसती एलटीची किंवा सीटीची, म्हणजे ट्रॉलीच्या आडव्या चालीची, कॉइल सुटून चालणार नाही, कारण एखादा कॉन्टॅक्टर चिकटून बसला तर त्याची मोटर चालूच राहते. पेंडंट राखीव म्हणून ठेवणार असाल तर निवडीचा स्विच असा बसव की एका वेळी एकच चालेल. पेंडंटचं लाल बटण मात्र दोन्ही स्थितीत जिवंत ठेव.

रिसीव्हर ब्रिजवर बसवताना जागा घाईत ठरवू नकोस. अँटेना लोखंडी पॅनेलच्या आत राहिली तर सिग्नल तिथंच अडतो. ती बाहेर, खाली कामाच्या जागेकडे मोकळी दिसली पाहिजे. ड्राइव्ह, ब्रेकचा रेझिस्टर आणि मोटरच्या केबल यांच्यापासून ती जितकी लांब तितकं चांगलं. कॉन्टॅक्टरच्या आणि ब्रेकच्या कॉइलवर आरसी सप्रेसर लाव, नाहीतर कॉइल सुटताना उठणारा विजेचा झटका रिसीव्हरला भोवतो आणि क्रेन मधेच विनाकारण ट्रिप होऊ लागते. रिसीव्हरखाली रबरी पॅड द्यायचे, केबल खालच्या बाजूने ग्लँडमधून घ्यायची. पावसात आपल्या शेड कशा गळतात ते तुला माहीत आहे.

हे सगळं वर चढून करायचं आहे. तेव्हा आयसोलेटर बंद, त्याला कुलूप, आणि चावी तुझ्या खिशात. दुसऱ्या कुणाच्याही नाही. तुमच्या शेडमध्ये एकाच गॅन्ट्रीवर दोन क्रेन आहेत, म्हणजे तू एका क्रेनवर चढलेला असताना दुसरी तुझ्याकडे धावत येऊ शकते. आम्ही ज्या कायद्याखाली नोकरी केली त्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की रुळावर किंवा रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या 6 मीटरच्या आत येता कामा नये. हा आकडा मी प्रत्येक शिकाऊ मुलाकडून पाठ करून घेतला आहे, तूही कर. दुसरी क्रेनही बंद करून तिलाही कुलूप लावायला सुपरवायझर कुरकुरला तर त्या दिवशी वर चढू नकोस.

आता ओळखीची गोष्ट. प्रत्येक ट्रान्समीटर आणि त्याचा रिसीव्हर एका ओळख-कोडने बांधलेले असतात आणि एका ठरावीक चॅनेलवर बोलतात. दोन्ही क्रेनचे कोड वेगळे आणि चॅनेलही वेगळे हवेत. शेजारच्या शेडमध्ये रिमोट असेल तर त्यांचा चॅनेल विचारून घे. अशा बऱ्याच रिमोटची पोहोच साधारण 100 मीटर असते आणि पत्र्याची भिंत रेडिओ लहरींना पूर्ण अडवत नाही. 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे 2005 पासून कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे. खुला म्हणजे सगळ्यांनाच खुला, तिथं तुझ्या एकट्याचा हक्क नाही. अमेरिकेतून जुनी क्रेन रिमोटसकट आली असेल तर जास्त सावध राहा. तिकडे 902 ते 928 मेगाहर्ट्झ मोकळा असतो, आपल्याकडे त्यातला काही भाग मोबाइलसाठी वापरतात. तो रिमोट इथं चालवायचाच नाही.

कोड बसवून झाले की परीक्षा घे. दोन्ही क्रेनचा मेन चालू, हुक रिकामे, खाली माणूस नाही. एक नंबरच्या रिमोटचं एकेक बटण दाब आणि दोन नंबरच्या क्रेनकडे बघत उभा राहा. ती तसूभरही हलता कामा नये. मग उलट कर. मग दोन माणसांच्या हातात दोन रिमोट देऊन एकाच वेळी चालवा. त्यानंतर बेच्या टोकापासून टोकापर्यंत, खांबांच्या आड, प्रेसच्या मागे, जिथं जिथं माणूस उभा राहण्याची शक्यता आहे तिथं तिथं जाऊन चालवून बघ. सिग्नल कुठं तुटतो ते आजच कळू दे, जॉब हवेत असताना नको. दोन क्रेन एकमेकींना धडकू नयेत म्हणून लावलेला स्विचही याच वेळी तपास.

क्रेनचा नंबर रिमोटवर मार्करने लिहू नकोस, तेलाच्या हाताने तो दोन दिवसांत पुसला जातो. पत्र्याची पट्टी कोरून बसव. शिवाय रंग दे: एक नंबरच्या क्रेनचा गर्डर आणि तिचा रिमोट पिवळा, दोनचा निळा, किंवा तुम्हाला हवे ते रंग. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला डोळे आकडा चुकतात, रंग सहसा चुकत नाहीत.

दिशेबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझ्या मते रिमोटवर सगळ्यात मोठा धोका इथंच आहे. केबिनमध्ये बसलेल्या माणसाची उजवी बाजू क्रेनबरोबरच जायची. पेंडंटवाला साधारण एकाच बाजूने चालायचा. रिमोटवाला मात्र जॉबच्या चारही बाजूंना फिरतो. तो वळून पलीकडे गेला की ‘पुढे’चं बटण त्याच्या पाठीकडे नेतं आणि ‘डावं’ उजवीकडे. म्हणून पुढे-मागे, डावं-उजवं हे शब्द तुमच्या बेमधून काढूनच टाका. दिशेला जागेचं नाव द्या: एलटीसाठी ‘गेट’ आणि ‘पेंट शॉप’, सीटीसाठी ‘रस्ता’ आणि ‘ऑफिस’. नाहीतर सरळ पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. तीच नावं बाणासकट गर्डरच्या खालच्या अंगावर जमिनीवरून वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत रंगवा, आणि हुबेहूब तीच नावं रिमोटच्या बटणाशेजारी चिकटवा. स्लिंग लावणारा खलाशी इंग्रजी न वाचणारा असेल तर मराठीत, हिंदीत, त्याला वाचता येईल त्या भाषेत. एवढं करूनही प्रत्येक वेळी बटणाला आधी एक हलका टिचका द्यायचा, क्रेन कुठं सरकते ते बघायचं आणि मगच बटण पूर्ण दाबायचं. बहुतेक बटणं दोन टप्प्यांची असतात, अर्धं दाबलं की हळू, पूर्ण दाबलं की जोरात. नव्या माणसाला पहिले काही दिवस अर्ध्या टप्प्यावरच चालवू दे.

सकाळी पाळी सुरू करताना रिमोट हातात घेतलास की आधी त्याच्याकडे नीट बघ. रबराला चीर आहे का, एखादं बटण दाबलेलंच राहतंय का, लाल बटण मोकळं फिरतंय का. मग लाल बटण फिरवून सोड, चावी दे, स्टार्ट दाब, हॉर्न वाजव. रिकाम्या हुकवर सगळ्या हालचाली करून बघ. वरची लिमिट हळू वेगात, रिकाम्या हुकवरच तपासायची. शेवटी क्रेन हळू चालत असताना लाल बटण दाब आणि मेन पडल्याचा आवाज ऐक. आठवड्यातून एकदा नाही, रोज. पहिला जड जॉब चार-सहा इंच उचलून थोडा वेळ तसाच धर, ब्रेक धरतोय याची खात्री झाली की पुढे ने.

सेल बदलायचे ते जॉब खाली टेकवून. बॅटरी संपली किंवा सिग्नल तुटला की चांगला रिसीव्हर मेन स्वतःहून पाडतो, आणि ते बरोबरच आहे. पण थांबायला त्यालाही क्षणभर लागतो. मिनिटाला 30 मीटर धावणारी क्रेन एका सेकंदात अर्धा मीटर पुढे जाते, आणि जॉब त्यापुढे झुलतो तो वेगळाच. म्हणून भिंतीजवळ, मशीनजवळ, माणसाजवळ नेताना वेग आधीच कमी केलेला हवा. ट्रिप झाल्यावर लगेच स्टार्ट दाबायची सवय लावून घेऊ नकोस. झोका थांबू दे, कारण शोध, मग चालू कर.

आता उभं कुठं राहायचं. जॉब, हुक आणि जायची वाट हे तिन्ही दिसेल तिथं. जॉबच्या बाजूला, थोडं मागे. जॉब आणि भिंत यांच्यामध्ये कधीच नाही. उलटं चालत नाही, जॉबखालून जात नाही. रिमोटमुळे एक बदल झाला आहे तो मला खटकतो. पूर्वी केबिनमध्ये एक आणि खाली खलाशी एक, अशा दोन माणसांचे डोळे असायचे. आता एकच माणूस स्लिंग लावतो आणि क्रेनही चालवतो. छोट्या जॉबला चालून जातं. लांब पाइपला, बीमला, दोन स्लिंगच्या जॉबला दुसरा माणूस आणि दोरी माग, आणि मागितल्याबद्दल ओशाळू नकोस. खुणा एकाच खलाश्याच्या पाळायच्या, ‘थांब’ मात्र कुणीही ओरडला तरी थांबायचं.

स्लिंगला हात लावण्याआधी लाल बटण दाबायचं. रिमोट पोटावर लटकत असतो, वाकलास की बटण मांडीला लागतं आणि बोटं स्लिंगमध्ये असतात. रिमोट दुसऱ्याच्या हातात देतानाही तसंच: आधी लाल बटण, मग चावी बंद, मग द्यायचा. चालू रिमोट टेबलावर ठेवून चहाला जाणाऱ्या माणसाच्या हातात पुन्हा रिमोट देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

जॉब सरळच उचलायचा. हुक मधोमध नसताना ओढून घेतलं की वायर रोप ड्रमच्या खाचेतून उडतो आणि जॉब सुटून झेपावतो. लांबून चालवताना हा तिरकेपणा कळत नाही, म्हणून उचलण्याआधी दोन बाजूंनी बघून घे. झोका मारायला उलटं बटण दाबायचं नाही, त्याने गिअर आणि ब्रेक दोन्ही मार खातात. जॉब ज्या बाजूला झुलतो त्याच बाजूला, तो टोकाकडे जात असताना, ट्रॉलीला एक छोटा टिचका दे. ट्रॉली जॉबच्या डोक्यावर येते आणि झोका मरतो. हे हाताला बसायला वेळ लागतो. सुटीच्या दिवशी रिकाम्या बेमध्ये, हलकं वजन टांगून सराव कर.

राखीव रिमोटमधले सेल काढून तो कपाटात कुलूपबंद ठेव, नाहीतर एकाच क्रेनला दोन मालक होतात. विकत घेताना विक्रेत्याला विचार की कोड कारखान्यातूनच वेगवेगळा येतो का, आणि पाठवलेली आज्ञा दर वेळी बदलते का. 2019 मध्ये ट्रेंड मायक्रो या सायबर-सुरक्षा कंपनीच्या अभ्यासकांनी दाखवलं की काही औद्योगिक रिमोटचे सिग्नल पकडून, पुन्हा सोडून क्रेन हलवता येते. तुमच्या शेडवर असा हल्ला होईल असं मी म्हणत नाही, पण नवीन घेतोच आहोत तर चांगलं घ्यावं.

सक्षम व्यक्तीकडून वर्षातून एकदा होणारी तपासणी चुकवू नकोस, आणि रिमोट बसवल्याची नोंद क्रेनच्या वहीत कर: तारीख, कोड, चॅनेल, कुठल्या रिलेची वायर कुठं गेली. पुढच्या इलेक्ट्रिशियनला ड्रॉइंग खोटं सापडू नये.

आणि बसवायच्या आधी, उद्याच, एक काम कर. रिमोटने ऐकलंच नाही तर हाताने बंद करायचा डीएसएलचा, म्हणजे क्रेनला वीज देणाऱ्या लाइनचा, आयसोलेटर कुठं आहे ते बघ. त्याच्यासमोर स्क्रॅपचे ड्रम ठेवलेले असतात, ते हलवून घे. मग बेमधल्या प्रत्येकाला, झाडूवाल्या मावशींनाही, तिथं नेऊन तो खाली कसा ओढायचा ते दाखव.