पहिली पाच मिनिटं, शेवटचं एक मिनिट

पोरी, घेतलीस एकदाची! घरातले सगळे ‘नवी छोटी गाडी घे’ म्हणत असताना तू दहा-बारा वर्षांची पोलो जीटी टीएसआय दारात आणलीस. हट्टी आहेस, पण निवड वाईट नाही. ११९७ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, सात गिअरचा डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०१३ मध्ये ही गाडी आली तेव्हा एवढ्याशा आकारात असला पिकअप आपल्याकडं क्वचितच मिळायचा. आपल्या चाकणला बनलेली ही पोलो २०२२ मध्ये बंद झाली. म्हणजे आता ज्यांच्याकडं आहे त्यांनी ती जपायची.

एक गोष्ट आधी पदराला बांध. या गाडीची मजा घाटात आहे, पण तिचं आयुष्य ठरतं ते सुरू केल्यावरच्या पहिल्या पाच मिनिटांत आणि बंद करण्याआधीच्या एका मिनिटात. मोठी बिलं बहुतेक वेळा लहान सवयी सुटल्यानं येतात. त्या सवयी लिहून देतोय. एका दमात वाचू नकोस, हा कागद गाडीच्या कप्प्यातच ठेव.

सुरू करताना, थांबवताना

१. सकाळी किल्ली फिरवलीस की लगेच रेस करू नकोस, अर्धं मिनिट थांबून अलगद नीघ — रात्रभर खाली उतरलेलं तेल टर्बोपर्यंत चढायला तेवढी उसंत लागते.

२. पहिले चार-पाच किलोमीटर पाय हलका ठेव — कूलंट लवकर तापतं, पण तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो, आणि थंड तेलावर पळवलेलं इंजिन आतून झिजतं.

३. पन्हाळा जोरात चढून गेलीस की वर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करू नकोस, एक मिनिट तसंच चालू ठेव — टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तेल फिरायचं थांबलं की तापलेल्या तव्यावर विसरलेल्या तेलाचं जे होतं तेच तिथं होतं. टर्बोला घाई नडते, मालकाला बिल नडतं.

४. गाडी लावताना आधी ‘एन’त घेऊन हँडब्रेक ओढ, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ दे, पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’त टाक — नाहीतर जोतिबाच्या चढावर अख्ख्या गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खटक्यावर लटकतं.

डीएसजीशी वागणं

५. आपल्या कोल्हापुरातल्या दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकू नकोस. थोडी जागा होऊ दे, मग एकदाच पुढं जा — या गिअरबॉक्सचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, सरकण्यात ते घासतात आणि तापतात.

६. सिग्नलला थांबलीस की ब्रेक पूर्ण दाब, अर्धवट नको — पूर्ण दाबला की क्लच सुटा होतो, अर्धवट दाबला की गाडी पुढं रेटत राहते आणि क्लच फुकट झिजतो.

७. चढावर अॅक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरायची सवय कधीच लावून घेऊ नकोस — दिसायला ते कसब वाटतं, क्लचला मात्र ती भट्टी असते.

८. टोलनाक्यावरची रांग हलेना तर ‘पी’त टाकून निवांत बस — पायालाही विश्रांती, गाडीलाही.

९. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसायला लागले की त्याच आठवड्यात स्कॅनर लावून घे — दोष क्लचचा की मेकॅट्रॉनिक्सचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटचा, हे वेळेवर कळलं तर खर्चाची तयारी करता येते. रस्त्यात कळलं तर क्रेनचे पैसे वेगळे. हिसका लहान असतो तेव्हाच त्याचं ऐकावं.

तेल, पाणी, पेट्रोल

१०. इंजिन ऑइल घेताना डब्यावर फोक्सवॅगनचा ‘५०२ ००’ हा मान्यता क्रमांक बघ, नुसतं ‘५डब्ल्यू-४०’ पुरेसं नाही — जाडी सारखी असली तरी टर्बोची आच सोसायची ताकद सगळ्या तेलांत सारखी नसते. स्वस्त तेल, महाग इंजिन.

११. कंपनी १५,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते, तू ८,००० ते १०,००० ला बदल. फिरणं कमी झालं तरी वर्षातून एकदा बदलच — वय झालेल्या इंजिनात तेल लवकर मळतं.

१२. दर पंधरा दिवसांनी सपाट जागी डिपस्टिक ओढून बघ, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झाल्यावर — जुनं टर्बो इंजिन थोडं तेल पितंच, आणि तेलाचा लाल दिवा लागेपर्यंत वाट बघणं म्हणजे उशीर.

१३. कूलंट कमी झालं तर कंपनीचंच घाल, नळाचं पाणी नको — पाण्यातल्या क्षारांचे थर आत बसतात आणि बारीक वाटा बुजतात.

१४. कूलंट पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर नुसतं भरत बसू नकोस, गळती शोधायला लाव — भरत राहिलं की दोष झाकला जातो, आणि इंजिन तापलं की हेड गॅस्केट जातं.

१५. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदल, ब्रेक चांगले लागत असले तरीही — ते हवेतली ओल शोषतं, आणि ओलसर ऑइल घाट उतरताना उकळलं की पेडल खाली जातं.

१६. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं, आता सगळीकडं तेच आहे. तुझी गाडी त्याआधीची, म्हणून इंधनाचे रबरी पाइप आणि सील दर सर्व्हिसला बघून घे — आपल्याच उसापासून बनतं म्हणून कौतुक आहेच, पण जुन्या रबराला ते सोसेलच असं नाही.

१७. परगावी महिना-दोन महिने जाणार असशील तर कोणाला तरी गाडी अधूनमधून फिरवायला सांग — इथेनॉल ओल ओढतं, टाकीत साठून राहिलेलं पेट्रोल मग त्रास देतं.

१८. ८०,००० च्या पुढं रनिंग गेलं आणि थंड इंजिन थरथरायला लागलं तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन तपासायला सांग — या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळं व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत.

१९. इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला आणि गाडी हिसकायला लागली तर बाजूला घेऊन थांब — बहुधा इग्निशन कॉइल गेलेली असते. तसंच दामटलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खाऊन टाकतं, आणि तो कॉइलच्या कितीतरी पट महाग.

चाकं आणि खालचं सामान

२०. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचायला शीक: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा — नक्षी शाबूत असली तरी सहा वर्षांचं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही.

२१. टायरचं माप मूळचंच ठेव, १८५/६० आर१५ — रुंद टायर दिसतात भारी, पण स्टिअरिंग जड होतं, पिकअप मरतो आणि बेअरिंग लवकर बोलायला लागतात.

२२. हवा सकाळी गाडी थंड असताना तपास — पळून आल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि हवा भरणारं पोरगं त्यातली काढून टाकतं.

२३. स्पीडब्रेकर सरळ आणि सावकाश ओलांड, एक चाक कडेनं काढायचा चलाखपणा नको — एका बाजूला बसणारा दणका लोअर आर्मच्या बुशवर जातो, आणि बुश गेले की नवे टायरही वाकडे झिजतात.

घाट, ऊस आणि वेग

२४. करूळ किंवा आंबा घाट उतरताना गिअर मॅन्युअलवर घेऊन खालचा धर — डीएसजी वर वर गिअर टाकत जातो, मग सगळा भार ब्रेकवर येतो. घाट चढावा हौसेनं, उतरावा गिअरनं.

२५. गळिताच्या हंगामात अंधार पडल्यावर वेग आधीच कमी कर — दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरला मागं दिवा असेलच असं नाही, आणि सांडलेल्या उसावर टायर घसरतो.

२६. वेगाची हौस असेल तर ट्रॅकवर जा — कृष्णराज महाडिक, ध्रुव मोहिते यांच्यासारखे रेसर देणाऱ्या आपल्या गावात मोहिते रेसिंग अकॅडमी आहे. हायवेवर मात्र समोरून म्हैसही येते.

२७. ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलायचा, म्हणजे रीमॅपचा, मोह आवर — इंजिनाचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर आहे आणि हा गिअरबॉक्स नवा असताना २५० पर्यंत सोसणारा. तुझे क्लच नवे नाहीत. वाढवलेली ताकद आधी जुनी जागा शोधते, मग तिथंच फोडते.

मिरग आणि महापूर

२८. मिरगाच्या आधी वायपरची रबरं बदल आणि काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा उपस — तिथल्या पाण्याच्या वाटा तुंबल्या की पाणी आत शिरतं, आणि ओल लागलेलं वायरिंग कुठला दिवा कधी लावेल याचा नेम नाही.

२९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की गाडी उंचावर नेऊन लाव, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नकोस — २०१९ आणि २०२१ मध्ये व्हीनस कॉर्नरला काय झालं ते तू बघितलं आहेस, आणि पाणी चढायला लागलं की गाडी काढायला वाटच उरत नाही.

३०. रस्त्यावरच्या पाण्याचा तळ दिसत नसेल तर मागं फीर, पुढची जीप गेली तरी — तिची हवा ओढायची जागा उंच असते, तुझ्या गाडीची तेवढी नसते.

३१. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल मारू नकोस, ढकलून बाहेर काढ — सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असेल तर त्या एका सेलनं कनेक्टिंग रॉड वाकतो. भिजलेली गाडी वाळते, मोडलेलं इंजिन वाळत नाही.

३२. विमा घेताना इंजिन संरक्षणाची जोड मिळत असेल तर पावसाआधीच घे — साध्या विम्यात असं मोडलेलं इंजिन बहुधा बसत नाही.

मेस्त्री, सुटे भाग, कागद

३३. मेस्त्री एकच धर, पण डीएसजी ओळखणारा आणि स्वतःचा स्कॅनर असलेला — दर वेळी नवा माणूस म्हणजे दर वेळी नव्यानं अंदाज.

३४. उद्यमनगराचा उपयोग करून घे: बुश दाबून बसवणं, मोडलेला बोल्ट काढणं, आटे पाडणं, वाकलेला ब्रॅकेट सरळ करणं — लेथवरची ही कामं आपल्या गावाइतकी नेटकी क्वचितच कुठं होतात. मेकॅट्रॉनिक्स मात्र तिथं उघडू देऊ नकोस.

३५. सुटा भाग मागताना गाडीचं नाव सांगू नकोस, पार्ट नंबर सांग, आणि व्हेंटो टीएसआयचंही विचार — तिच्यातही हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स होता. अशी सोय सगळ्यांना नसते. रांजणगावच्या अबार्थ पुंटोत १४५ अश्वशक्ती होती, पण फियाटनं इथली विक्री थांबवल्यापासून तिच्या मालकांना सामानासाठी वणवण करावी लागते.

३६. बदललेला जुना भाग डिक्कीत ठेवायला सांग — काय झिजलं आणि कसं झिजलं हे हातात घेऊन बघितलं की पुढच्या वेळी आवाज ओळखता येतो.

३७. आरसीची मुदत नोंदणीपासून पंधरा वर्षं, म्हणजे २०१३ ची गाडी २०२८ ला आरटीओत. दोन महिने आधीच तयारीला लाग — फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर दोन्ही असतात, पुढं दर पाच वर्षांनी पुन्हा.

३८. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे, ती आणि पीयूसी आधी उरकून टाक — नाक्यावर पोलिसांशी घातलेला वाद प्लेटपेक्षा महाग पडतो.

३९. बिलं एका फाईलमध्ये तारखेनं लाव आणि प्रत्येकावर किलोमीटर लिही — उद्या विकायची वेळ आली तर गाडीचं कौतुक तुला सांगावं लागणार नाही. कागद बोलतो तिथं मालकानं गप्प बसावं.

वर्षभराचा नेम

४०. खंडेनवमीला हार-लिंबू आहेच, पण पूजेआधी बोनेट उघडून बॅटरीची टोकं, बेल्ट आणि पाइप हातानं तपास — वर्षातून एक दिवस ठरलेला असला की विसरायला होत नाही. आधी पुसावं, मग पुजावं.

४१. दर महिन्याला गाडीच्या नावानं थोडे पैसे बाजूला ठेव, काम नसलं तरी — जुनी गाडी खर्च सांगून आणत नाही, आणि पैसे नाहीत म्हणून पुढं ढकललेलं काम दुसरं काम सोबत घेऊन येतं.

४२. पैसा कमी पडला तर क्रम असा: ब्रेक, टायर, तेल, कूलंट, मग बाकी सगळं, पॉलिश आणि स्पीकर शेवटी — पहिले दोन तुला जपतात, पुढचे दोन इंजिनाला.

४३. आणि चालव गं तिला. रोज राजारामपुरीतून ऑफिसला जाण्यानं भागत नाही, आठवड्यातून एकदा तरी कागलपर्यंत ने, इंजिन तापल्यावर मोकळं पळू दे — थोड्या थोड्या फेऱ्यांत तेल पुरतं तापत नाही, त्यात मिसळलेली ओल आणि पेट्रोल उडून जात नाही, बॅटरीही अर्धपोटी राहते. झाकून ठेवलेली गाडी लवकर म्हातारी होते. जपायची ती चालवण्यासाठीच.