घराची किल्ली : स्पेनमधील यजमान कुटुंबांत आमचे विद्यार्थी

आमच्या आठ विद्यार्थ्यांच्या स्पेन प्रवासासाठी माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारला, पालकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे त्यात भर घातली, आणि गेल्या ऑक्टोबरात ही मुले कोर्दोबा शहरातील चार कुटुंबांत चौदा दिवस राहून आली. पैशाचा हिशेब संस्थेच्या बैठकीत यापूर्वीच सादर झाला आहे. दुसरा एक हिशेब मात्र देणे बाकी आहे. मुले काय शिकली, आणि त्यांच्यासोबत गेलेले आम्ही काय शिकलो, हे सांगण्यास स्मरणिकेची ही पाने योग्य वाटतात.

व्हिसाच्या दारी

स्पेन हा शेंगेन करारातील देश आहे. अल्प मुदतीच्या व्हिसावर तेथे १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. प्रवाशाजवळ किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा असावा लागतो. अज्ञान मुलांसाठी आई व वडील या दोघांचीही लेखी संमती लागते. मुंबईत बांधकामावर असलेल्या एका पित्याने दोन दिवसांची मजुरी बुडवून नोटरीसमोर सही केली. सही करताना त्यांनी विचारले, "सर, परक्यांच्या घरी पोरं राहणार, म्हणजे नेमकं कोणाच्या घरी?"

हा प्रश्न साधा नव्हे. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात बडोद्याचा प्रसंग आहे. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या, बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या त्या विद्वानाला त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. एका पारशी पथिकाश्रमात ओळख लपवून राहावे लागले, आणि ती ओळख उघड होताच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. ज्यांच्या स्मृतीत असा प्रसंग आहे, त्यांच्यासाठी 'कोणाच्या घरी' हा प्रश्न कधीच केवळ सोयीचा नसतो. त्या पित्याला आम्ही म्हणालो, "घरे आम्ही आधी पाहू, मगच मुले ठेवू." तेवढ्यावर त्यांनी सही केली.

पहिली संध्याकाळ

माद्रिदहून कोर्दोबापर्यंत वेगवान आगगाडीने दोन तासांच्या आत पोहोचता येते. स्थानकावर चारही कुटुंबे उभी होती. त्यांच्याकडून आधी भरून आलेल्या अर्जात मुलांना काय चालते, कशाची बाधा होते, झोप लवकर येते की उशिरा, एवढेच प्रश्न होते. आम्हांला सर्वांत मोठा धक्का बसला तो त्याच रात्री. प्रत्येक घरात जेवणापूर्वीच मुलांच्या हाती घराच्या दाराची किल्ली ठेवण्यात आली. नववीतील आमची एक विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी ती किल्ली मुठीत घट्ट धरून आली. तिने विचारले, "सर, यांना आपण कोण ते माहीतही नाही. मग किल्ली कशी दिली?"

दिनक्रम समजण्यास दोन-तीन दिवस लागले. सकाळी भाजलेल्या पावावर टोमॅटो व ऑलिव्ह तेल. दुपारचे मुख्य जेवण अडीच-तीनला, रात्रीचे नऊनंतर. हरभऱ्यांचा रस्सा पाहून मुलांना घर आठवले. 'तोर्तिया' म्हणून बटाटा घातलेले जाडजूड ऑम्लेट पुढे आले, तेव्हा पोळीची वाट पाहणारे दोघे हिरमुसले. जेवण संपल्यावर कोणी उठत नाही. रिकाम्या ताटांसमोर तास-तासभर गप्पा चालतात. या बसण्याला तेथे 'सोब्रेमेसा' असे स्वतंत्र नाव आहे. जेवणानंतर ताटे उचलणे, सकाळी अंथरूण नीट करणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता सर्वांना होती. अंघोळीला पाणी बेताने वापरा, असे यजमानांनी संकोचत सांगितले. टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या मुलांना हे सांगण्याची गरजच नव्हती. एका यजमानांनी आम्हांला सांगितले की, आमच्या घरातील मुलांनी हे तुमच्या मुलांकडून शिकावे.

दोन आडनावे

स्पेनमध्ये प्रत्येकाची दोन आडनावे असतात: एक पित्याकडून, दुसरे मातेकडून. विवाहानंतर स्त्री आपले नाव बदलत नाही. पूर्वी पित्याचे आडनाव आधी येई. १९९९ च्या कायद्याने क्रम ठरविण्याचा अधिकार आईवडिलांना मिळाला. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नोंदीत मातेचे नाव आवश्यक झाले आहे, त्यामुळे हा विषय मुलांना जवळचा वाटला. मात्र त्यांच्या मनाला भिडली ती वेगळीच गोष्ट. आपल्याकडे आडनाव सांगताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत एक गणित सुरू होते. तेथे चौदा दिवसांत ते गणित कोणीही मांडले नाही. आडनाव केवळ आडनाव राहिले.

याच नववीतील मुलीच्या यजमान घरी एक आजी होत्या. मुलगी त्यांना 'आजी'च म्हणू लागली, आणि त्या शब्दाचा अर्थ कळल्यावर त्यांनीही तो स्वीकारला. आजींनी सांगितले की, त्यांचे लग्न झाले तेव्हा फ्रांकोची राजवट होती, आणि बँकेत खाते उघडण्यास विवाहित स्त्रीला पतीची परवानगी लागे. १९७५ च्या मे महिन्यात ती अट रद्द झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रांको मरण पावला. ६ डिसेंबर १९७८ रोजी नव्या राज्यघटनेवर सार्वमत झाले, त्या मतदानाची रांग आजींना अजून आठवते. त्या घटनेचे १४ वे कलम जन्म, वंश, लिंग, धर्म वा मत यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. आमच्या मुलांना आपल्या संविधानातील १५ वे कलम पाठ आहे. एका देशाची आजी आणि दुसऱ्या देशाची नात राज्यघटनेविषयी बोलत बसल्या आहेत, हे दृश्य इतिहासाच्या शिक्षकाला कृतार्थ करणारे होते.

दगडांत कोरलेला इतिहास

कोर्दोबा हे वाचण्याजोगे शहर आहे. ग्वादालकिवीर नदीवरील रोमन पूल ओलांडला की समोर भव्य मशीद-कॅथेड्रल उभे राहते. आठव्या शतकाच्या अखेरीस ही मशीद बांधण्यास आरंभ झाला. आत आठशेहून अधिक स्तंभ आणि त्यांवर लाल-पांढऱ्या कमानी. १२३६ मध्ये ख्रिस्ती सत्तेने शहर जिंकले, मशिदीचे चर्च झाले, आणि १५२३ पासून तिच्या ऐन मध्यभागी कॅथेड्रल उभारण्यात आले. याच शहरात बाराव्या शतकात इब्न रुश्द हा मुस्लिम तत्त्वज्ञ आणि मायमोनिदेस हा ज्यू तत्त्वज्ञ जन्मला. मायमोनिदेसच्या कुटुंबाला पुढे अल्मोहाद राजवटीच्या छळामुळे शहर सोडावे लागले. सहजीवन होते आणि छळही होता. इतिहासाने दोन्ही नोंदविले आहे.

जुन्या ज्यू वस्तीत १३१५ साली बांधलेले एक लहानसे प्रार्थनागृह आहे. त्याच्या भिंतींवरील हिब्रू अक्षरे अजून दिसतात. ज्यू मात्र गेले. १४४९ मध्ये तोलेदो शहरात नियम झाला की, ज्यू वंशातून धर्मांतर करून ख्रिस्ती झालेल्यांना सार्वजनिक पदे देऊ नयेत. पुढे अनेक संस्थांनी 'रक्तशुद्धी'चा पुरावा मागण्यास सुरुवात केली. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, असा त्यामागील विचार होता. ३१ मार्च १४९२ च्या राजाज्ञेने उरलेल्या ज्यूंपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय ठेवले. निघून गेलेल्या कुटुंबांनी आपल्या घरांच्या किल्ल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, अशी परंपरा सांगितली जाते. हे ऐकताच त्या मुलीचा हात खिशातील किल्लीकडे गेला.

येथे आम्ही मुलांना एका शब्दाचा प्रवास सांगितला. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत 'कास्ता' म्हणजे वंश, पैदास. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले, तेव्हा येथील जातिव्यवस्थेला त्यांनी हाच शब्द लावला, आणि त्यावरून इंग्रजीत 'कास्ट' आला. व्यवस्था आपली होती. तिला शोभणारा शब्द त्यांच्या पोतडीत तयार होता.

सुवासिक डहाळी

दहाव्या दिवशी मशीद-कॅथेड्रलच्या बाहेर एका खितानो स्त्रीने त्या मुलीपुढे रोझमेरीची सुवासिक डहाळी धरली. डहाळी देऊन हात पाहायचा आणि चार पैसे मागायचे, असा हा व्यवसाय. सोबत असलेल्या आजींनी मुलीला झटकन मागे ओढले. "पिशवी सांभाळ. ते लोक चोरच असतात, त्यांच्या रक्तातच आहे," असे त्या म्हणाल्या. आमच्यासोबतच्या दुभाषी शिक्षिकेने क्षणभर थांबून ते वाक्य जसेच्या तसे सांगितले.

खितानो म्हणजे स्पेनमधील रोमा. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. रोमानी भाषेत पाण्याला 'पानी', कानाला 'कान', नाकाला 'नाख', माणसाला 'मानुष' म्हणतात. स्पेनमध्ये त्यांची पहिली नोंद १४२५ ची आहे. १४९९ मध्ये भटकंती सोडा अन्यथा देश सोडा, असा हुकूम निघाला. १७४९ च्या जुलैअखेरीस एकाच वेळी देशभरातून हजारो खितानोंना अटक करून पुरुष व स्त्रिया वेगळ्या करण्यात आल्या. अनेकांच्या सुटकेस दीड दशक लागले. गुन्हा एकच, जन्म.

त्या रात्री मुलगी आम्हांला म्हणाली, "सर, आजी चुकीचं बोलल्या. मी त्यांना सांगू का?" आम्ही म्हणालो, "आपण पाहुणे आहोत. त्यांनी आपल्याला घर दिले. तू गप्प राहा." ती गप्प राहिली, पण 'बरं सर' म्हणाली नाही. हे आमचे उत्तर चुकीचे होते. ज्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारण्यास शिकविले, त्यांनी पहिल्या अवघड प्रश्नालाच पाहुणचाराचे कुलूप लावले.

रविवारी जेवणानंतरच्या गप्पांत तिने आमची आज्ञा मोडली. मोबाईलवर तिने रोमा लोकांचा ध्वज आजींना दाखविला: निळा-हिरवा, आणि मध्ये सोळा आऱ्यांचे लाल चक्र. १९७१ च्या जागतिक रोमा परिषदेने तो स्वीकारला. मग तिने आपल्या वहीवरील तिरंग्यातील चक्र दाखविले. मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "आजी, ती बाई माझ्या देशाची आहे. मीही चोर आहे का?"

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "ते तुमच्याकडून आले हे मला माहीत नव्हते." आणि ताट उचलता उचलता पुढे म्हणाल्या, "तरीही पिशवी सांभाळत जा." मुलगी हसली, आजीही हसल्या. एका दुपारीत सहाशे वर्षे पुसली जात नाहीत. पण प्रश्न विचारल्याने ते घर तिला बंद झाले नाही. निरोपाच्या वेळी तिने किल्ली परत केली, तेव्हा सर्वांत अधिक रडल्या त्या आजीच.

आपल्या घराचे दार

ही कथा येथेच संपली असती, तर आम्ही दुसऱ्यांचे दोष सांगून मोकळे झालो असतो. परतीच्या विमानात एक मुलगा म्हणाला, "सर, आपल्या शाळेमागच्या माळावर पारध्यांची पालं पडली की आपणही वसतिगृहाच्या पेट्यांना कुलपं लावतो." कोणी काही बोलले नाही. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याचा कायदा केला. १९५२ मध्ये तो रद्द झाला. तो कायदा आम्ही दरवर्षी वर्गात शिकवितो. पेटीचे कुलूप मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते.

आपल्या वसतिगृहात सातवीत एक पारधी विद्यार्थिनी आहे. तिचे आईवडील कामासाठी दूर जातात, म्हणून प्रत्येक सुट्टीत ती वसतिगृहातच राहते. तीन वर्षांत एकाही मैत्रिणीने तिला घरी नेले नव्हते, आणि आम्हीही तसे कधी सुचविले नव्हते. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत ती नववीतील मुलगी, तिच्या पालकांची परवानगी घेऊन, तिला आपल्या घरी घेऊन गेली. आदल्या रात्री त्या घरच्या आईंचा आम्हांला दूरध्वनी आला. त्या अडखळत म्हणाल्या, "सर, घरातलं काही सामान हलवून ठेवावं लागेल का?" आम्ही म्हणालो, "ताई, तुमच्या मुलीला परक्या देशात पहिल्याच रात्री किल्ली मिळाली होती." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. पाचव्या दिवशी पुन्हा दूरध्वनी आला: पोरीला अजून चार दिवस ठेवून घेतले तर चालेल का?

येत्या वर्षी कोर्दोबाची आठ मुले आपल्याकडे येणार आहेत. आपली घरे लहान आहेत, म्हणून त्यांना शहरातील हॉटेलात ठेवावे, अशी एक सूचना बैठकीत आली होती. तेव्हा मजुरी बुडवून सहीला आलेले तेच पालक उभे राहिले. "आमच्या दोन खोल्या आहेत," ते म्हणाले, "त्यातली एक पाहुण्यांची." सूचना मागे घेण्यात आली.

आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती आहे. यजमान होऊ इच्छिणाऱ्यांची नावे नोंदविण्यासाठी शाळेच्या कार्यालयात वही ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने आहेत: एक परदेशातून येणाऱ्या मुलांसाठी, दुसरा सुट्टीत वसतिगृहातच राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी. पहिला रकाना भरत आला आहे. नाव नोंदविताना दुसऱ्या रकान्याकडेही पाहावे.