वृद्धांची औषधे : आवश्यक किती, अनावश्यक किती?

वयोवृद्ध व्यक्तीच्या उशाशी औषधांची पिशवी असणे हे आज शहरांप्रमाणे खेडोपाडीही नित्याचे दृश्य झाले आहे. रक्तदाबाची गोळी तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली, मधुमेहाची प्राथमिक आरोग्य केंद्रातील, गुडघेदुखीची दुकानातून परस्पर आणलेली आणि झोपेची पूर्वी केव्हातरी रुग्णालयातून घरी परतताना लिहून दिलेली. प्रत्येक औषध सुरू झाले तेव्हा त्यास कारण होते. ते कारण आजही शिल्लक आहे काय, याची विचारणा मात्र क्वचितच होते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील नागरिकांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. हा प्रश्न त्यामुळे सार्वजनिक आरोग्याचा ठरतो.

वाढते वय आणि औषध

उतारवयात मूत्रपिंडांचे कार्य मंदावते. शरीरातील पाण्याचा अंश घटून चरबीचे प्रमाण वाढते. परिणामी अनेक औषधे शरीरात अधिक काळ रेंगाळतात. डायझेपामसारख्या गोळीची गुंगी दुसऱ्या दिवशीही उतरत नाही. तोल जातो आणि पडल्याने खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहावरील गोळीने वृद्धांच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचे दीर्घकाळ सेवन जठरात रक्तस्राव व मूत्रपिंडांस इजा घडवू शकते.

औषधावर औषध

कित्येकदा एका औषधाचा दुष्परिणाम हाच नवा आजार समजला जातो. रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते. ती उतरविण्यासाठी लघवी वाढविणारी गोळी दिली जाते. मग रात्री वारंवार उठावे लागते आणि अंधारात पडण्याचा प्रसंग ओढवतो. मूळ गोळीचा विचार वेळीच झाला असता तर दुसरीची गरजच पडली नसती.

या विषयाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतील डॉ. मार्क बीअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी शक्यतो टाळावयाच्या औषधांची यादी प्रसिद्ध केली. तिच्या सुधारित आवृत्त्या पुढेही निघत राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम हाती घेतली.

एक महत्त्वाची दक्षता

याचा अर्थ औषधे स्वतःहून बंद करावीत असा मुळीच नाही. अटेनोलॉलसारखी हृदयविकारावरील गोळी, दीर्घकाळ घेतलेली झोपेची गोळी, स्टेरॉइड किंवा अपस्मारावरील औषध एकाएकी थांबविल्यास जिवावर बेतू शकते. कोणते औषध कमी करावयाचे व किती सावकाश, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. साधारणतः एका वेळी एकच औषध कमी केले जाते आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढचे पाऊल टाकले जाते.

गावपातळीवर काय करता येईल?

वर्षातून निदान एकदा, तसेच रुग्णालयातून घरी आल्यानंतर, घरातील सर्व औषधे एकाच पिशवीत घालून एका डॉक्टरांना दाखवावीत. त्यांत काढे, चूर्णे आणि दुकानातून परस्पर घेतलेल्या गोळ्याही असाव्यात. प्रत्येक औषधाबाबत तीन प्रश्न विचारावेत : हे कशासाठी आहे? अजून त्याची गरज आहे काय? किती दिवस घ्यावयाचे? उत्तरे एका कागदावर लिहून तो कागद प्रत्येक भेटीच्या वेळी बरोबर न्यावा.

ज्या वृद्धांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी ही यादी शिक्षकांना किंवा शाळेतील मोठ्या मुलांना लिहून देता येईल. ग्रामपंचायतीने आरोग्य केंद्राच्या साहाय्याने ‘औषध तपासणी दिवस’ ठरविल्यास आशा कार्यकर्त्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांना तेथे घेऊन येऊ शकतील. यास फारसा खर्च येत नाही. मात्र त्यामुळे एखादी आजी खाटेला खिळण्यापासून वाचली, तर गावाचे हे श्रम सार्थकी लागले असेच म्हणावे लागेल.