पाझरखड्डे आणि घरमालकांच्या हरकती

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराच्या बॅलर्ड भागात २०१० साली रस्त्याच्या कडेस, घरांच्या पुढ्यातच, पावसाचे पाणी मुरविण्यासाठी उथळ खड्डे करून त्यांत झाडे लावण्यात आली. पावसाच्या लोंढ्याने मलवाहिन्या ओसंडू नयेत, हा हेतू होता. परंतु अनेक खड्ड्यांत पाणी साचून राहिले. डास होतील, मुले पडतील, अशी हरकत रहिवाशांनी घेतली. तेथे पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडत असल्याने डासांची भीती काहीशी कमी. मुलांविषयीची काळजी मात्र रास्तच म्हणावी लागेल. असे पाणी सर्वसाधारणपणे तीन दिवसांत जिरावे, असा संकेत आहे. येथे खालची माती घट्ट निघाली. तिची पूर्वतपासणी अपुरी पडली होती. पुढे काही खड्डे बुजविण्यात आले, तर काहींच्या तळाशी निचऱ्याच्या नळ्या घालण्यात आल्या.