मधुमेही दवाखान्यातून घरी आल्यावर

मधुमेहाने दवाखान्यात पडलेला माणूस आठ-दहा दिवसांनी घरी येतो, तेव्हा घरच्यांच्या जिवात जीव येतो. "साखर नॉर्मल झाली" असे जो तो सांगतो. भेटीला येणारे केळी, बिस्किटे, क्वचित बेळगावचा कुंदाही घेऊन येतात. परंतु खरी कसोटी येथूनच सुरू होते. दवाखान्यात गोळी, जेवण व तपासणी यांच्या वेळा नर्सबाई पाहतात. घरी त्या कोणी पाहायच्या, हे पहिल्याच दिवशी ठरले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ दवाखान्यातून येऊन दोनच आठवडे झाले होते. रविवारच्या मिस्सेत ते घामाघूम झाले, हातपाय थरथरू लागले. सकाळची गोळी घेतली होती. पण कम्युनियन घ्यायचे म्हणून रात्रीपासून पोटात काही नव्हते. शेजारी बसलेल्या परिचारिकेने ओळखले व साखरपाणी दिले, म्हणून निभावले. यात दोष त्यांचा नव्हता. मध्यरात्रीपासूनच्या उपवासाचा जुना नियम केव्हाच गेला, हे आम्हीच स्पष्ट सांगायला हवे होते. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे कम्युनियनपूर्वीचा उपवास एक तासाचा आहे. वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे यांना तोही बंधनकारक नाही. प्रायश्चित्तकाळातही मधुमेह्याने उपाशी राहू नये. आधी न्याहारी, मग मिस्सा.

साखर उतरण्याची खूण ओळखा. इन्शुलिन व काही गोळ्या घेऊन जेवण चुकले की रक्तातील साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. रोगी शुद्धीवर असेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर अजून कमी असेल तर तेवढीच पुन्हा द्यावी. बरे वाटताच थोडे जेवण द्यावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. कुशीवर वळवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. शेतावर जाताना खिशात साखरेची पुडी असावी.

औषध आपल्या मनाने बंद करू नका. औषध चालू आहे म्हणून साखर ताब्यात आहे. "एकदा इन्शुलिन लागले की संपले" हा समजही चुकीचा. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला. त्यापूर्वी मधुमेह झालेली मुले थोड्याच काळात दगावत; आज तीच मुले म्हातारी होतात. ताप किंवा ओकाऱ्या झाल्या तरी इन्शुलिन परस्पर थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे.

ताट कसे वाढावे? अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी व काकडी यांनी भरावे. पाव भागात भात किंवा भाकरी. उरलेल्या पाव भागात डाळ, उसळ, मासे किंवा अंडे. नाचणी चांगली, पण आंबील पिऊन वर भात नको. आपल्या भागात रताळी मुबलक पिकतात. ती भाजीत न धरता भाताच्या वाट्यात धरावीत. गूळ व मध रक्तात गेल्यावर साखरच होतात. रोग्यासाठी वेगळी चूल नको. हे जेवण सर्व घराला हितकारक आहे.

पायांची निगा. मधुमेहाने पाय बधिर होतात व काटा रुतलेलाही कळत नाही. चिखलात अनवाणी उतरू नये. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळवे आरशात पाहावेत, किंवा नातवाला पाहायला सांगावे. गरम पाण्याने शेकू नये, कुरूप ब्लेडने कापू नये. लहानशी जखम दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. उशीर झाल्याने बोट, पुढे पायही गमावण्याची वेळ येते.

तपासणीची वही ठेवा. उपाशीपोटीची साखर साधारण ८० ते १३० व जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत असावी. वृद्धांसाठी डॉक्टर वेगळा आकडा सांगतील, तो पाळावा. सुरुवातीस दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, आणि वर्षातून एकदा डोळे व मूत्रपिंड तपासून घ्यावे. दवाखान्याचा डिस्चार्जचा कागद याच वहीत ठेवावा.

आणि भेटीला जाणाऱ्यांनो, रिकाम्या हाताने जायचे नसेल तर परसातील भेंडी किंवा दोडकी न्या.