पूल, बस आणि फेरीबोट : गोल्डन गेट मंडळाच्या कारभाराचा अभ्यास

मांडवी नदीवरील जुना नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. गोव्यातील प्रौढ पिढीस तो दिवस आठवत असेल. पूल झाल्यावर ज्या फेरीबोटींचे महत्त्व ओसरले असे वाटत होते, त्याच फेरीबोटींवर पणजी आणि बेती यांच्यामधील रहदारीचा भार एकाएकी येऊन पडला. पुढे नवे पूल झाले आणि २०१९ साली अटल सेतूही वाहतुकीस खुला झाला. तरीही दिवाडी बेटावरील रहिवाशांना आजही फेरीबोटीवाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे पूल बांधणारी यंत्रणा वेगळी आहे, फेरीबोटी नदी परिवहन खात्याच्या आहेत आणि सरकारी बसगाड्या १९८० साली स्थापन झालेल्या कदंब वाहतूक महामंडळाकडे आहेत. ही तिन्ही कामे एकाच सार्वजनिक संस्थेकडे सोपविली, तर त्या संस्थेचा कारभार कसा चालेल आणि तिला पैसा कोठून मिळेल, असा प्रश्न जिज्ञासू वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे अशी संस्था अर्धशतकाहून अधिक काळ काम करीत आहे. तिचा परिचय करून देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या वायव्येस पॅसिफिक महासागर आणि तेथील उपसागर यांना जोडणारी, सुमारे एक मैल रुंदीची सामुद्रधुनी आहे. तिलाच गोल्डन गेट म्हणतात. शहर दक्षिण तीरावर वसलेले आहे, तर उत्तर तीरावर मरीन काउंटीचा डोंगराळ प्रदेश आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी मिळताजुळता प्रशासकीय विभाग होय. पूल होण्यापूर्वी मोटारगाड्या फेरीबोटीने पलीकडे नेल्या जात. प्रवासास वीसेक मिनिटे लागत व प्रत्येक मोटारीस एक डॉलर द्यावा लागे. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. हा व्यवसाय एका बलाढ्य रेल्वे कंपनीशी संबंधित असलेल्या मंडळीच्या हाती होता. साहजिकच पुलाच्या कल्पनेस त्यांच्याकडून कसून विरोध झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा पूल अमेरिकेच्या केंद्र सरकारने बांधला नाही, तसाच तो कॅलिफोर्निया राज्य सरकारनेही बांधला नाही. राज्य विधिमंडळाने १९२३ साली एक कायदा केला व त्यान्वये काउंट्यांना एकत्र येऊन पुलासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन करण्याची मुभा दिली. कोर्टकचेऱ्यांत काही वर्षे गेल्यावर ४ डिसेंबर १९२८ रोजी ते मंडळ अस्तित्वात आले. सॅन फ्रान्सिस्को, मरीन, सोनोमा व देल नॉर्ट या काउंट्या आणि नापा व मेंडोसिनो यांचे काही भाग त्यात सामील झाले. त्यानंतर नोव्हेंबर १९३० मध्ये साडेतीन कोटी डॉलरांचे कर्जरोखे काढावेत की नाही, यावर लोकांचे मत घेण्यात आले. जागतिक मंदीची ती सुरुवात होती. रोख्यांना तारण म्हणून काउंट्यांतील नागरिकांची घरे, शेते व दुकाने यांचे मूल्य धरावयाचे होते, म्हणजे पुलाचे उत्पन्न कमी पडल्यास कराचा बोजा त्यांच्यावर येणार होता. असे असूनही सुमारे तीन-चतुर्थांश मतदारांनी अनुकूल कौल दिला. पुढे या पुलाच्या पैशावर जे वाद झाले, त्यांचे मूळ या तारणात आहे. ज्याने आपले घर गहाण टाकले, त्याला पुलाच्या उत्पन्नावर हक्क सांगावासा वाटणारच.

जानेवारी १९३३ मध्ये बांधकाम सुरू झाले. २७ मे १९३७ रोजी पूल पादचाऱ्यांसाठी आणि दुसऱ्या दिवशी वाहनांसाठी खुला झाला. दोन मनोऱ्यांमधील त्याचा झुलता गाळा ४,२०० फूट लांबीचा असून त्या काळी तो जगात सर्वांत मोठा होता. बांधकामाच्या काळात खाली सुरक्षा-जाळे बांधण्यात आले होते व त्याने एकोणीस कामगारांचे प्राण वाचविले. मात्र फेब्रुवारी १९३७ मध्ये एक पाळणा तुटून जाळ्यासह खाली गेला आणि दहा कामगार एकाच वेळी मृत्युमुखी पडले. या पुलाच्या स्थापत्याविषयी विपुल लिहिले गेले आहे, म्हणून आपण पुन्हा कारभाराकडे वळू.

आरंभी टोल प्रत्येक खेपेस अर्धा डॉलर होता. पूल झाल्यावर फेरीबोटींचा धंदा बसला. मोटारी नेणाऱ्या बोटी लवकरच थांबल्या आणि सॉसालिटो गावाची उतारूंची फेरी १९४१ साली बंद पडली. धक्के ओस पडले. मंडळाजवळ त्या काळी एकच काम होते. टोल गोळा करावा, पुलाची निगा राखावी आणि कर्ज फेडावे. निगा राखण्याचे काम किरकोळ मात्र नव्हते. खारे धुके पोलादास सतत खात असते. १९५१ च्या डिसेंबरात वादळी वाऱ्याने पूल इतका हेलकावू लागला की तो काही तास बंद ठेवावा लागला. त्यानंतर खालच्या बाजूस आडवे पोलादी बंधन घालून त्यास ताठपणा देण्यात आला.

अखेरचा रोखा १९७१ साली फिटला. साडेतीन कोटींचे मुद्दल आणि त्यावर जवळजवळ एकोणचाळीस लाख नव्हे, तर एकोणचाळीस दशलक्ष डॉलर, म्हणजे सुमारे तीन कोटी नव्वद लाख इतके व्याज, हे सर्व टोलातून दिले गेले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक झाले, हा तपशील कर्ज काढून कामे करणाऱ्या कोणत्याही संस्थेने विसरू नये असा आहे.

आता कर्ज फिटले, तेव्हा टोल बंद करावा व मंडळही विसर्जित करावे, अशी मागणी झाली आणि ती तर्काला धरूनच होती. आपल्याकडेही टोलनाक्यांविषयी हाच प्रश्न विचारला जातो. परंतु तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. पुलामुळेच उत्तरेकडील काउंट्यांत वस्ती वाढली आणि तेथील लोक रोज सकाळी कामासाठी शहराकडे येऊ लागले. पुलावर सहाच मार्गिका आहेत, आजही तितक्याच आहेत. सकाळी शहराकडे येणाऱ्या वाहनांना चार मार्गिका द्याव्यात व परतीस दोन ठेवाव्यात, असा उपाय १९६३ पासून सुरू झाला. त्यासाठी कामगार चालत्या गाडीवर बसून रस्त्यातील भोकांत पिवळ्या नळ्या हाताने रोवीत असत. यंत्राने सरकविता येणारा मजबूत दुभाजक येण्यास २०१५ साल उजाडले. तरीही रहदारी मावेना. पुलाच्या पोटाखाली दुसरा मजला बांधावा, अशी सूचना पुढे आली. उपसागराभोवती नव्याने आखलेली रेल्वे पुलावरून न्यावी, हाही विचार झाला होता, पण १९६२ साली मरीन काउंटी त्या योजनेतून बाहेर पडली. दुसरा मजला झाला असता, तर त्याने आणखी मोटारी शहरात आणून सोडल्या असत्या आणि शहरातील रस्ते काही रुंद होणार नव्हते.

अशा वेळी, १९६९ साली, विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती करून मंडळास बस आणि फेरीबोटी चालविण्याचा अधिकार दिला. मंडळाच्या नावातही वाहतूक हा शब्द आला. १५ ऑगस्ट १९७० रोजी सॉसालिटोची फेरी पुन्हा सुरू झाली. ज्या पुलाने ती संपविली होती, त्याच पुलाच्या टोलावर ती पुन्हा उभी राहिली! १ जानेवारी १९७२ पासून मंडळाच्या बसगाड्या धावू लागल्या आणि १९७६ च्या अखेरीस लार्कस्पर येथील मोठा फेरी-धक्का चालू झाला.

लार्कस्परच्या बोटींची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. वेग हवा म्हणून त्यांत गॅस टर्बाइनची इंजिने बसविली होती. बोटी वेगवान खऱ्या, पण इंधन फार पिणाऱ्या ठरल्या, आणि तेलाचे भाव तर १९७३ नंतर भडकलेले. शेवटी त्या बोटींना साधी डिझेल इंजिने बसवावी लागली. नव्या यंत्राचा मोह आणि त्याचा रोजचा खर्च यांचा हिशेब खरेदीपूर्वी एकत्र मांडला नाही, की असे होते. या बाबतीत मंडळाचे चुकले, असे स्पष्ट म्हणावयास हरकत नाही.

मंडळाची रचना अशी आहे. संचालक एकोणीस असून ते त्या त्या काउंटीकडून नेमले जातात. सॅन फ्रान्सिस्कोचे नऊ, मरीनचे चार, सोनोमाचे तीन, आणि नापा, मेंडोसिनो व देल नॉर्टचा प्रत्येकी एक. यांपैकी देल नॉर्ट ही काउंटी राज्याच्या अगदी उत्तर सीमेवर, पुलापासून तीनशे मैलांहून अधिक दूर आहे. मंडळाच्या बसगाड्या तेथवर जात नाहीत. तरीही तिचा संचालक बैठकीत बसतो व मत देतो, कारण प्रारंभी तारण देणाऱ्यांत ती होती. संचालकांच्या हाताखाली महाव्यवस्थापक असून पूल, बस आणि फेरी असे तीन विभाग आहेत. बैठका जनतेस खुल्या असतात आणि टोल वा भाडे वाढविण्यापूर्वी जाहीर सुनावणी घेण्यात येते.

आता पैशाचा विचार करू. या मंडळास कर बसविण्याचा अधिकार नाही. बस आणि फेरी यांच्या भाड्यातून त्यांच्या खर्चाचा काही अंशच निघतो. थोडे अनुदान राज्य व केंद्र सरकारकडून मिळते आणि उरलेली तूट पुलावरील टोलातून भरून काढली जाते. म्हणजे मोटारीतून एकटा जाणारा मनुष्य बसमधील चाळीस जणांच्या तिकिटाचा काही भाग देतो. हे न्याय्य आहे काय? मंडळाचे उत्तर असे की, ते चाळीस जण आपापल्या मोटारी घेऊन निघाले, तर त्या एकट्याला पुलावर जागाच मिळणार नाही. त्याने टोल भरून वस्तुतः आपल्यापुरती मोकळी वाट विकत घेतलेली असते. हा युक्तिवाद आम्हांस पटण्यासारखा वाटतो. पण त्यात एक अडचण दडलेली आहे. बस व फेरी जितकी लोकप्रिय होईल, तितकी वाहने घटणार, आणि वाहने घटली की बस-फेरीला पोसणारा टोलच घटणार. मंडळाचे यश आणि मंडळाचे उत्पन्न यांची तोंडे अशी परस्परविरुद्ध दिशांना आहेत.

शिवाय पूल जुना होत जातो. मूळच्या काँक्रीटच्या रस्त्यातील सळया खाऱ्या धुक्याने गंजल्या, म्हणून १९८२ ते १९८५ या काळात संपूर्ण रस्ता काढून त्या जागी पोलादी पट्ट घालण्यात आले. काम रात्री चाले. जुना तुकडा कापून काढावयाचा, नवा बसवावयाचा आणि सकाळच्या गर्दीपूर्वी वाहतूक मोकळी करावयाची. अशा सुमारे साडेसातशे तुकड्यांनी पूल नवा झाला आणि वजनानेही हलका झाला. पुढे १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात या पुलास धक्का लागला नाही, पण त्याच उपसागरावरील दुसऱ्या पुलाचा एक भाग कोसळला. तेव्हा मंडळाने धडा घेतला व १९९७ पासून टप्प्याटप्प्याने मजबुतीकरण हाती घेतले. त्याचा मोठा खर्च केंद्र सरकारने उचलला. टोलाच्या भरवशावर ते काम झालेच नसते.

टोल घेण्याच्या पद्धतीतही मंडळाने काही गोष्टी इतरांआधी केल्या. ऑक्टोबर १९६८ पासून टोल फक्त शहराकडे येताना, दुप्पट दराने, घेतला जाऊ लागला. जो आला तो बहुधा परत जाणारच, तेव्हा त्याला दोनदा थांबवावे कशाला, असा तो साधा विचार होता. मार्च २०१३ मध्ये टोलनाक्यावरील वसुली कारकून हटवून सर्व आकारणी यंत्राद्वारे सुरू झाली. वाहनांचा खोळंबा कमी झाला खरा, पण रोज त्याच वाहनचालकांना नमस्कार करणारी माणसे मात्र तेथून गेली.

या व्यवस्थेची खरी कसोटी २०२० साली लागली. कोविडच्या साथीत लोक घरी बसले. पुलावरील वाहने एकदम रोडावली आणि बस व फेरीचे उतारू तर जवळजवळ नाहीसे झाले. सॉसालिटोची फेरी काही काळ बंदच ठेवावी लागली. एरवी एका बाजूची घट दुसऱ्या बाजूने भरून निघे, या वेळी दोन्ही बाजू एकाच वेळी कोरड्या पडल्या. केंद्र सरकारच्या मदतीवर मंडळाने ती वर्षे काढली. पुढे वाहने बऱ्याच अंशी परतली, उतारू तितके परतले नाहीत, कारण शहरातील कचेऱ्यांत काम करणारे अनेक जण आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करू लागले होते.

म्हणून मार्च २०२४ मध्ये मंडळाने सुनावण्या घेऊन पाच वर्षे दर वर्षी अर्धा डॉलर टोल वाढविण्याचे ठरविले. त्यानुसार १ जुलै २०२४ पासून यंत्राद्वारे टोल भरणाऱ्या मोटारीस सव्वानऊ डॉलर पडू लागले. १९३७ साली पुलावरून एकदा जाण्यासाठी जेवढे द्यावे लागे, तेवढी आता एका वर्षाची वाढ आहे.