उदमांजराच्या पोटांतून आलेली कॉफी

जगाच्या बाजारांत अत्यंत महाग म्हणून जी कॉफी विकली जाते ती झाडावरून तोडलेली नसून विष्ठेंतून वेंचलेली असते, हें आमच्या कित्येक वाचकांच्या कानांवर आलेंच असेल. इंडोनेशियांत तिला ‘कोपी लुवाक’ म्हणतात. कोपी म्हणजे कॉफी व लुवाक म्हणजे उदमांजर. हेंच जनावर आपल्या कोंकणांत व घाटमाथ्यावरही आहे. रात्रीं आढ्यावरून फिरणारें, ताडीच्या मडक्यांत तोंड घालणारें आणि भेरली माडाच्या बियांनीं भरलेली विष्ठा गडग्यावर टाकून जाणारें तें हेंच. कर्नाटकांत कोडगूच्या मळ्यांतही अशी कॉफी गोळा करून विकण्यास कांहीं वर्षांपूर्वीं सुरुवात झाली आहे. भावाच्या गोष्टी ऐकून आपणही या धंद्यांत पडावें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आधीं दोन गोष्टींचा विचार करावा. पोटांत त्या दाण्याचें खरोखर होतें काय, आणि तो माणसाच्या पेल्यांत जाण्याइतका निर्धोक कशानें होतो?

या कॉफीचा उगम गरिबींत आहे. जावा येथें डच सरकारनें इ. स. १८३० पासून सक्तीच्या लागवडीची पद्धत चालू केली. कॉफी रयतेनें पिकवावी व सरकारनें न्यावी, असा तो प्रकार. तोडणीच्या फळास हात लावण्याची मुभा नसल्यानें मळ्यांत उदमांजरांनीं टाकलेले दाणे वेंचून, धुऊन व भाजून लोक आपली कॉफी करूं लागले, असें सांगतात.

उदमांजर फळ खातें तें गराच्या गोडीसाठीं. वासावरून पूर्ण पिकलेलें फळ तें निवडतें व हिरवें सोडून देतें. साल व गर पोटांत पचतात; दाणा पचत नाहीं, कारण त्याभोंवतीं कडक टरफल असतें, आणि त्या टरफलासह तो सुमारें एका दिवसानें बाहेर पडतो. तथापि तो जसाचा तसा राहतो असेंही नाहीं. कॅनडांतील ग्वेल्फ विद्यापीठाचे मार्कोने यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, पाचक रस टरफलांतून आंत झिरपतात, दाण्यांतील प्रथिनांचे तुकडे होतात व एकूण प्रथिनें थोडीं कमी होतात. भाजल्यावर येणारा कडवटपणा कांहीं अंशीं प्रथिनांमुळें असल्यानें ही कॉफी मवाळ लागत असावी, असा त्यांचा तर्क. उलट, कोडगूच्या रोबस्टा कॉफीवर केरळ केंद्रीय विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२५ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत उदमांजराच्या दाण्यांत स्निग्धांश अधिक आढळला, विशेषतः कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्लांचे अंश अधिक. प्रथिनें व कॅफीन यांत मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. प्रथिनांविषयीं दोन अभ्यासांचें एकमत नाहीं, तेव्हां चवीचें रहस्य उलगडलें असें सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर विश्वास ठेवूं नये हें बरें.

आतां पोटांतील सूक्ष्म जंतूंकडे वळूं. २०२० सालीं जपानांतील व इतर देशांतील संशोधकांनीं उदमांजराच्या विष्ठेंतील जंतूंची जनुकांवरून ओळख पटविली, तेव्हां त्यांत ‘ग्लुकोनोबॅक्टर’ या जातीचें प्राबल्य आढळलें. हे जंतु साखरेपासून आम्ल करितात. ताडी आंबून तिचा शिरका ज्या जंतूंमुळें होतो, त्यांच्याच कुळांतले ते आहेत. गोड फळें खाणाऱ्या प्राण्याच्या पोटांत त्यांनीं ठाण मांडावें यांत नवल नाहीं. परंतु त्यांनीं दाण्यास किती चव दिली, हें त्यांच्या नुसत्या अस्तित्वावरून ठरत नाहीं.

येथें कॉफीच्या मळेवाल्यांस एक गोष्ट सहज पटेल. ओल्या पद्धतीनें कॉफी तयार करितांना फळाची साल काढून चिकट दाणे हौदांत टाकतात व तेथें ते आंबतात. अंगचा चिकटा जंतु व त्यांचे पाचक रस खाऊन टाकतात; मग दाणे धुऊन वाळवितात. उदमांजराचें पोट म्हणजे असाच एक चालता-फिरता हौद होय. भेद इतकाच कीं, हौद घासून स्वच्छ करितां येतो, त्यांतलें पाणी बदलतां येतें व किती तास ठेवावें हें आपल्या हातीं असतें. पोटाच्या बाबतींत यांपैकीं कांहींच आपल्या हातीं नाहीं, आणि त्यांत आंबविणाऱ्या जंतूंबरोबर रोगाचे जंतु व कृमींचीं अंडींही असूं शकतात.

मग ही कॉफी पिऊन लोक आजारी कां पडत नाहींत? मार्कोने यांनीं तपासलेल्या धुतलेल्या दाण्यांवर विष्ठेंतील रोगजंतु नगण्य आढळले, व त्याचें श्रेय टरफलास आणि धुण्यास आहे. इंडोनेशियांतील उलेमांच्या मंडळानें २०१० सालीं ही कॉफी धर्मास मान्य ठरविली, तीही अशाच अटींवर: टरफल शाबूत असावें, दाणा धुतलेला असावा आणि पेरला असतां तो उगवण्याजोगा असावा. धर्मशास्त्र्यांची ही कसोटी शेतकऱ्यासही उपयोगी आहे, कारण जो दाणा उगवूं शकतो त्याचा गाभा सहसा कुजलेला नसतो. पुढें टरफल काढून तो २०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णतेवर भाजला म्हणजे उरलेसुरले रोगजंतु मरतात.

परंतु भाजल्यानें सर्व दोष जातात अशी समजूत घातक आहे. ओले दाणे ढीग करून ठेवले किंवा पावसाळी हवेंत रेंगाळले तर त्यांवर बुरशी येते, व तिच्या कांहीं जाती ‘ओक्राटॉक्सिन’ नांवाचें विष तयार करितात. तें मूत्रपिंडास अपायकारक आहे. भट्टींत तें कमी होतें, पण पुरतें नाहींसें होत नाहीं. युरोपांत भाजलेल्या कॉफीच्या एका किलोंत हें विष ५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालत असे. २०२३ पासून ती मर्यादा ३ वर आणली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालक्षांश! एवढ्याशा विषासाठीं माल परत येऊं शकतो, मग तो कोणाच्या कां पोटांतून आलेला असेना. साध्या कॉफीसही हा धोका आहे. पण जमिनीवर पडून राहिलेल्या विष्ठेंत ओलावा, साखर व माती तिन्ही एकत्र येतात, म्हणून येथें तो दुणावतो.

याहून मोठा अनर्थ पिंजऱ्यानें होतो. मागणी वाढली तशी इंडोनेशियांत उदमांजरें पकडून कोंडण्याची चाल पडली. बाली बेटावर १६ ठिकाणच्या सुमारें ५० जनावरांची पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत तारेच्या तळाचे अरुंद पिंजरे, घाण व अपुरा आहार यांची नोंद आहे. कोंडलेलें जनावर फळ निवडीत नाहीं, पुढें टाकलेलें खातें. म्हणजे ज्या निवडीसाठीं या कॉफीची ख्याति, तीच नाहींशी होते. शिवाय हगवण लागलेल्या, एकमेकांच्या घाणींत राहणाऱ्या जनावरांपासून राखणदारास रोग लागण्याचा संभव वाढतो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतांत २००३ सालीं उदमांजराच्या एका भावंड जातींत ‘सार्स’च्या विषाणूशीं अतिशय मिळताजुळता विषाणू बाजारांतील पिंजऱ्यांत सांपडला व २००४ च्या जानेवारींत सुमारें १०,००० जनावरें मारावीं लागलीं. त्या रोगाचा कॉफीशीं संबंध नव्हता. पिंजऱ्यांच्या गर्दीशीं होता. आपल्या देशांत तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें उदमांजर पकडणें व कोंडणें हा गुन्हाच आहे. कोणी दलाल ‘पाळलेल्या मांजरांची’ योजना घेऊन आला तर त्यास वाटेस लावावें.

महाराष्ट्रांत कॉफी होते ती चिखलदऱ्यास, व तीही थोडी. कोंकणच्या बागाइतदारास उदमांजराचा कॉफीपेक्षां बिया पसरविण्याच्या कामींच अधिक उपयोग आहे. पण ज्यांचे नातलग कोडगूकडे मळ्यांवर आहेत, किंवा ज्यांच्या स्वतःच्या झाडांखालीं अशी विष्ठा सांपडते, त्यांच्यासाठीं कृतीविषयीं थोडें लिहितों. विष्ठा सकाळींच, ताजी असतांना, हातमोजे घालून उचलावी; पावसांत भिजलेली किंवा बुरशी धरलेली घेऊं नये. टरफल फुटलेला दाणा टाकून द्यावा. पाणी निवळ येईपर्यंत कितीही वेळां धुवावें, व तरंगणारे दाणे काढावे. नंतर उंच ताटव्यांवर पातळ थर करून उन्हांत वाळवावें, रात्रीं झांकावें आणि ओलावा शेंकडा १२ च्या आसपास येईपर्यंत थांबावें. दाणा दाताखालीं फोडून वाळला कीं नाहीं हें पाहण्याची आपल्या लोकांस संवय असते. ती येथें कटाक्षानें टाळावी. कच्च्या दाण्यांचीं सुपें, पोतीं व जागा वेगळ्या ठेवाव्या. भाजलेला माल कच्च्याच्या पोत्यांत भरला तर भट्टीचें सर्व काम फुकट जातें. धुण्याचें पाणी ओढ्यांत किंवा विहिरीजवळ न सोडतां दूरच्या खड्ड्यांत ओतून त्यावर माती लोटावी.